आठही दिवे लागले होते

संपादकांचं पत्र आलं, ‘तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा. दिवाळी आहे, वाचक हलक्या मनानं वाचतात.’ मी हो म्हटलं आणि महिनाभर कागद कोरा ठेवला. गमती आहेत, एखादी सांगतोही. पण त्यासाठी मी लिहायला बसलेलो नाही. ज्यांना हलकंच मन हवं असेल त्यांच्यासाठी पुढं पाककृती असतीलच.

मी वायरवाला. नव्वदनंतर वर्ध्यात गल्लोगल्ली केबल टीव्ही आला तेव्हा कॉलेज करता करता लोकांच्या गच्च्यांवरून काळी वायर ओढायचो. दोन हजारनंतर संगणकाची करडी वायर आली, मी तिच्यावर गेलो. दिवसा वायर, आणि सुट्टीच्या दिवशी संघटनेचं काम. रेशन, शिष्यवृत्ती, सार्वजनिक विहीर, विषय कोणताही असो, पत्रक मी लिहायचो. पत्रकाची एक शिस्त असते. एका पानात संपलं पाहिजे. दुसऱ्या ओळीत शत्रू आला पाहिजे. शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यानं काय करायचं ते. माझं सगळं मराठी या शिस्तीत घडलं. ती शिस्त तारेला लागू होत नाही, हे कळायला एका म्हाताऱ्या बाईचं खुब्याचं हाड मोडावं लागलं.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

घरात टीव्ही एका खोलीत आणि डिशचा डबा दुसऱ्या खोलीत, किंवा कॅमेरा फाटकावर आणि पडदा बैठकीत, अशी कामं दोन हजारनंतर आमच्याकडं यायला लागली. काळ्या वायरीतून एकच चित्र जातं, आणि ती कोपऱ्यात वळत नाही. करड्या वायरीत आठ बारीक तारा असतात, म्हणजे चार जोड्या. नारिंगी आणि तिची पांढरी-नारिंगी, हिरवी आणि तिची पांढरी-हिरवी, तशीच निळी, तशीच तपकिरी. प्रत्येक जोडीच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन गुंडाळलेल्या. चार जोड्यांतून चार चित्रं नेता येतात. दोन्ही टोकांना एकेक छोटी डबी लावायची, आम्ही तिला बलून म्हणतो. ती कॅमेऱ्याचं चित्र तारेच्या जोडीत घालते आणि पलीकडची डबी ते बाहेर काढते.

त्या पिळात सगळी करामत आहे. चित्र एका तारेनं जातं आणि तिच्याच जोडीदारणीनं परत येतं. दोघी एकमेकींना बिलगून असल्या की पंख्याचा, मोटारीचा, शेजारच्या जोडीचा त्रास दोघींना सारखाच होतो आणि दुसऱ्या टोकाला वजा होऊन जातो. जोडी फुटली, म्हणजे जाणारी एकीकडून आणि येणारी भलतीकडून, तर काहीच वजा होत नाही. एकाचं चित्र दुसऱ्यात सांडतं.

आता ती कबूल केलेली गंमत. वर्ध्यातल्या एका बंगल्यात खाली सासूबाई, वर सून. डिशचा डबा आणि रिमोट खाली. सासूबाईंनी मला बजावलं होतं की खाली जे लागेल तेच वर दिसलं पाहिजे, दुसरं काही नको. जिन्यात सुनेनं हळूच विचारलं, “दादा, वरून चॅनल बदलता नाई येत का?” येतं. रिकाम्या जोडीतून रिमोटचा इशारा खाली नेता येतो. मी गुपचूप लावून दिलं. आठवड्यानं सासूबाईंचा फोन आला. “अरे, टीव्हीत भूत शिरलं. मालिका पाहून राह्यली का गाणेच लागते.” मी गंभीरपणे सांगितलं, “काकू, सिग्नल वर-खाली होते.” स्त्रीमुक्तीवर मी बरीच पत्रकं लिहिली, पण एवढं ठोस काम दुसरं झालं नाही.

गंमत संपली.

करडी वायर शिकायला मी नागपूरला एका वर्गाला जायचो. मास्तरनं फळ्यावर रंगांचा क्रम लिहिला. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. मी हात वर केला. नारिंगीची जोडी शेजारी शेजारी, तपकिरीची शेजारी शेजारी, मग हिरवीची जोडी फोडून मध्ये निळी काऊन घुसवली? मास्तर म्हणाला, “स्टँडर्ड आहे. पाठ करा.”

हे वाक्य मला सांगायला नको होतं. आमच्या घरी ‘असंच असतं, पाठ करा’ या वाक्याशी भांडण छप्पन सालापासूनचं आहे. माझ्या आजानं त्या वाक्याला लाथ मारली म्हणून मी त्या वर्गात बसू शकलो होतो. मी घरी आलो. हिरवी हिरवीजवळ, निळी निळीजवळ, असा माझा क्रम लावून टेबलावरचे दोन संगणक जोडले. जोडणी चालली. टेस्टर लावला. टेस्टर म्हणजे आठ दिव्यांची डबी. एकेक तार इकडून तिकडं पोचली की तिचा दिवा लागतो. आठही दिवे लागले. माझी खात्रीच पटली. हे सगळं स्टँडर्ड म्हणजे आपल्या पोरांनी घाबरून लांब राहावं म्हणून उभं केलेलं कुंपण आहे.

दहा फुटांवर तपासलं आणि मी सगळ्या जिल्ह्याला सांगायला निघालो.

पत्रकाचं नाव होतं ‘करडी वायर कोणाच्या बापाची नाही’. दुसऱ्या ओळीत शत्रू होते, कंपन्या आणि त्यांचे नागपूरचे दलाल. मध्ये आठ रंगांचा माझा क्रम, मोठ्या अक्षरात. शेवटची ओळ मला आजही पाठ आहे: ‘जोडी फोडणाऱ्यांचं ऐकू नका. जोडीला जोडी लावा, डोकं वापरा.’

छापखान्यात बन्सोडकाका भेटले. टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले, आमच्याच वस्तीतले. त्यांनी कच्चा कागद डोळ्यांजवळ धरून वाचला आणि म्हणाले, “हे उगाच तसं नसन बाबू. फोनच्या पिनेत मधल्या दोन तारा चालतात. एकडाव पाहून घे.” मी म्हटलं, “काका, सरकारी खात्यात राहून तुमचं डोकं पण सरकारी झालं.” छापखान्यातले सगळे हसले. काकाही हसले. चहा तसाच ठेवून गेले, ते मात्र मी पाहिलं होतं.

पत्रक जोरात गेलं. आष्टीच्या बाजारात, सेलूला, हिंगणीला. रेडिओ दुरुस्त करणारे, मोटारी गुंडाळणारे, आयटीआय करून घरी बसलेले, सगळ्यांनी नेलं. कोणी दुकानात चिकटवलं, कोणी प्लास्टिकमध्ये मढवून पेटीत ठेवलं. मराठीत, फुकट, एका पानात कोणी काही सांगितलंच नव्हतं त्यांना. एखाद्या गावात भिंतीवर आपलं पत्रक दिसलं की मी उगाच तिथं पाणी मागायचो.

दोनेक वर्षांनी आंजीहून फोन आला. प्रमोदभाऊ, किराणा दुकानदार. ओळखदेख नाही. “तुम्ही ते पत्रकवाले ना? या. तुमच्या माणसाचं काम पाहून जा.” मी सांगितलं की माझा कोणी माणूस नाही. ते म्हणाले, “तो तर तुमचंच नाव सांगते.”

मी तावातावानं गेलो. कोणीतरी माझ्या नावावर भिकार काम करतो म्हणजे काय!

पुढं दुकान, बाजूला त्यांचीच पिठाची चक्की, मागं लांबच लांब घर, शेवटी अंगण आणि गाय. प्रमोदभाऊंची आई, म्हणजे काकू, मागच्या खोलीत. लकव्यानं उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली, डावा हात शाबूत. आधी पलंगाला घंटीचं बटण लावलं होतं, पण चक्कीच्या आवाजात दुकानात घंटी ऐकू येईना. म्हणून कॅमेरा. घरातल्या चार जागांचे चार कॅमेरे, एक करडी वायर, आणि साखरेच्या पोत्यांवर टांगलेला पडदा, चार चौकटींचा. ठरलं होतं असं की काकूंना काही लागलं तर त्यांनी कॅमेऱ्याकडं पाहून डावा हात वर करायचा. गल्ल्यावर जो असेल तो पाहील आणि मागं जाईल.

पहिल्या दिवसापासून चित्रात सावली होती. काकूंच्या चौकटीत अंगणाची चौकट सांडायची. पलंगावरून गाईची शेपटी फिरायची, वाळत घातलेलं लुगडं हलायचं. वायर लावणाऱ्यानं सांगितलं की वायर लांब आहे, थोडी सावली राहतेच. प्रमोदभाऊंची बायको वनिताताई सुरुवातीला प्रत्येक हालचालीला मागं पळायची. पाहावं तर सासू झोपलेली. दिवसातून चार वेळा, पाच वेळा. मग पळणं कमी झालं. मग थांबलं.

मी गेलो त्याच्या चार दिवस आधी, दुपारी, काकू पलंगावरून स्वतःच उतरायला गेल्या आणि पडल्या. चक्की बंद झाल्यावर वनिताताई चहा घेऊन गेली तेव्हा त्या जमिनीवर होत्या. खुबा मोडलेला. कधीपासून पडून होत्या ते कोणाला सांगता येईना आणि त्यांना बोलता येईना. मी पोचलो तेव्हा त्या दवाखान्यात होत्या.

वनिताताई मला हे सांगताना गहू तोलत होती. हात थांबवला नाही. फक्त एकदा म्हणाली, “हात दिसलता मले. लुगडं असन म्हटलं.”

वायर लावणारा माणूसही बोलावलेला होता. दिवाकर मिस्त्री, हिंगणीचा. पन्नाशीचा, आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेला. रेडिओ कोणी आणेना म्हणून या वयात नवं काम शिकला. पेटी पायाशी घेऊन पोत्यांजवळ उभा होता, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. मी त्याच्यावर सुरू झालो. अर्धवट शिकता, लोकांच्या जिवाशी खेळता, आणि वर माझं नाव घेता! हे सगळं मी सराईतपणे बोललो. सभेतली सवय. बोलता बोलता वायरीचं टोक उपटून उजेडात धरलं.

रंग माझेच होते. हिरवीजवळ हिरवी, निळीजवळ निळी.

मिस्त्रीनं पेटी उघडली. प्लास्टिकमध्ये मढवलेलं पत्रक काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. “भाऊ, एक एक रंग याच्याशी मिळवून लावला म्या. टेस्टर लावून पाह्यला. आठही दिवे लागले. मंग माही चूक कोठी झाली ते सांगा, म्या दुरुस्त करतो.”

मला अजून खरंच कळलं नव्हतं. दुकानातल्या फोनवरून मी बन्सोडकाकांना फोन लावला. काका जुनं काही बोलले नाहीत. एवढंच सांगितलं, “मधल्या दोन निळ्या कर. तिच्या एका अंगाला हिरवी, दुसऱ्या अंगाला तिची जोडीदारीण. दोन्ही टोकांना. मंग पाह्य.”

कारण नंतर त्यांनीच समजावलं. या वायरीच्या टोकाला आठ पिनांचा जो खटका बसतो, त्याच्या आधी फोनचा खटका होता. त्यात मधल्या दोन पिना फोनच्या, आणि दुसरी जोडी लागलीच तर पहिलीच्या दोन्ही बाजूंना एकेक. ती जुनी चाल पुढं तशीच राहिली आणि दुनियेतल्या सगळ्या डब्या तिच्यावर बेतल्या. म्हणजे डबीच्या आत तिसरी आणि सहावी पिन ही जोडी आहे, चौथी आणि पाचवी ही जोडी. बाहेर तुम्ही काहीही ठरवा. माझ्या क्रमानं तिसरीवर यायची हिरव्या जोडीतली एक आणि सहावीवर निळ्या जोडीतली एक. मधल्या दोन पिनांवर त्यांच्या फुटलेल्या जोडीदारणी. ‘जोडी फोडणाऱ्यांचं ऐकू नका’ म्हणत मी एक नाही, दोन जोड्या फोडल्या होत्या. तिसऱ्या-सहाव्यावर काकूंची खोली होती. चौथ्या-पाचव्यावर अंगण. आणि टेस्टर? टेस्टर फक्त तार पोचली का ते सांगतो. कोणती तार कोणाशी पिळलेली आहे हे त्याला काय माहीत! आठच्या आठ दिवे लावून त्यानं आम्हा सगळ्यांना प्रमाणपत्र दिलं.

नागपूरच्या मास्तरला हे कारण माहीत असतं आणि त्यानं दोन मिनिटं खर्चून सांगितलं असतं, तर ते पत्रक निघालंच नसतं. हा राग माझा आजही आहे, आणि तो बरोबर आहे. पण मला सांगायला आलेला एक माणूस होता, त्याच्यावर मी छापखान्याला हसवलं होतं.

दोन्ही टोकं बदलायला अर्धा तास लागला. मिस्त्री तारा सोलून देत होता. पडदा लावला. सावली गेली. एका चौकटीत गाय. तिच्या शेजारच्या चौकटीत काकूंचा रिकामा पलंग, चादरीवरची फुलं मोजता येतील इतका साफ.

प्रमोदभाऊंनी पडद्याजवळ जाऊन पाहिलं. मग विचारलं, “म्हणजे हे पयलेच असं झालं असतं?”

“हो.”

“किती वेळ लागला असता?”

“एवढाच,” मी म्हटलं.

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते गिऱ्हाइकाला तेल द्यायला गेले.

मिस्त्री पत्रक पुन्हा वाचत होता, ओळीखाली बोट ठेवून, सावकाश. कुठं आपणच चुकीचं वाचलं का ते पाहत असावा. शेवटपर्यंत वाचून झालं. मग मान वर न करता म्हणाला, “छापलं होतं ना भाऊ.”

त्यानं मला शिवी दिली नाही. छापलेलं खोटं असू शकतं, आणि तेही आपल्या माणसानं छापलेलं, हे त्याला नवीन होतं. आपल्या लोकांचा छापील कागदावर केवढा विश्वास असतो हे मला माहीत होतं. त्याच विश्वासावर तर मी दहा वर्षं पत्रकं काढली.

मी दुसरं पत्रक लिहिलं. ‘पहिलं पत्रक चूक आहे.’ संघटनेत वाचून दाखवलं. साथी म्हणाले, चूक कबूल कर, पण संघटनेच्या नावानं नको, विरोधक हेच घेऊन नाचतील. मी भांडलो. हरलो. मग बिननावाचं छापलं. आणि बिननावाच्या पत्रकावर कोण विश्वास ठेवतो? मीच लोकांना शिकवलं होतं की खाली नाव नसलेला कागद फाडून टाका.

तरी फिरलो. सगळा उन्हाळा, सायकलवर, एसटीनं, मिळेल तसा. आष्टीत एक जण म्हणाला, आठही लागतात ना दिवे, मग काऊन उकरून राह्यले? सेलूला एकानं डोळा मारून विचारलं, कंपनीनं किती दिले? हे माझंच वाक्य होतं, माझ्याच पत्रकातलं, थोडं झिजलेलं. एका दुकानात तर नवं पत्रक त्यांनी प्रेमानं घेतलं आणि जुन्याच्या खाली चिकटवलं. दोन्ही आपलेच ना. वरचं ठळक होतं. पोरं वरचंच पाहून लावत होती.

किती घरांच्या भिंतीत माझ्या फुटलेल्या जोड्या आहेत मला माहीत नाही. टेबलावरच्या दोन संगणकांत चालून जात असेल. कुठं टीव्हीवर सावली येत असेल आणि माणसं म्हणत असतील, वायर लांब आहे. भिंती फोडून पाहायला मला कोण देणार? पहिलं पत्रक वाटायला आम्ही पंधरा-वीस जण होतो. दुसरं वाटायला मी होतो.

दिवाकर मिस्त्रीकडं तीनदा गेलो, माझ्यासोबत काम करा म्हणायला. तिन्ही वेळा त्यानं चहा पाजला. वायरीची पेटी माळ्यावर टाकली होती. समोर एक रेडिओ उघडून ठेवलेला असायचा, तिन्ही वेळा तोच. “याच्यात काय हाये ते मले आतून माहीत हाये भाऊ,” तो म्हणाला.

मग प्रमोदभाऊंचा फोन आला. काकूंना दवाखान्यातून घरी येऊन महिना झाला होता. आता त्या पलंगावरून उठणार नव्हत्या. “पडदा एकडाव पाहून जा. आईचा हात काही दिसला नाही अजून,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मी त्याच दिवशी गेलो.

आधी मागं जाऊन काकूंना भेटलो. हडकलेला चेहरा, डोळे मात्र जागे. मी कोण ते प्रमोदभाऊंनी सांगितलं की नाही, ठाऊक नाही. वनिताताईनं पाण्याचा पेला दिला, तो काकूंनी डाव्या हातानं नीट धरला, प्यायल्या, परत दिला. मी कॅमेरा पुसला, खटके हलवून पाहिले आणि पुढं दुकानात येऊन पडद्यासमोर उभा राहिलो. वनिताताई गल्ल्यावर आली. चक्की चालू होती.

मी प्रमोदभाऊंना मागं पाठवलं होतं. काकूंना हात वर करायला सांगा, इथं कसा दिसतो ते पाहतो. पडद्यावर ते खोलीत शिरले, आईजवळ वाकले, काहीतरी बोलले. काकूंनी कॅमेऱ्याकडं पाहिलं. सरळ माझ्याकडं पाहिल्यासारखं. प्रमोदभाऊ पुन्हा बोलले. मग लहान मुलाला दाखवतात तसा त्यांनी स्वतःचाच हात वर करून दाखवला. काकूंनी त्यांच्या हाताकडं पाहिलं, मग पुन्हा कॅमेऱ्याकडं.

“साफ दिसून राह्यलं ना आता?” वनिताताईनं विचारलं.

मी हो म्हटलं. खरंच साफ होतं. कुठं सावली नाही, रेघ नाही. पांघरुणावर काकूंचा डावा हात होता, मनगटातली काचेची बांगडीसुद्धा दिसत होती. तो हात त्यांनी उचलला नाही.